छोटी फुंक

"सुतारमामा, त्या वेळी तुम्हाला कामावर बघितलेला एक माणूस आणा. एकच आणा. बाकीचं मी बघतो," मोकाशी म्हणाले.

"मला कोण बघणार? मी टेकडीवर होतो."

"ते मला कळतंय हो. पण साहेबांना कागद तरी लागतो नाहीतर माणूस तरी. कागद तर वाहून गेला."

मोकाशी आमच्या नगरपालिकेत आस्थापना विभागाचे हेडक्लार्क होते. माझ्याहून वयानं लहान, मनानं बरे. बोलता बोलता त्यांनी माझ्यासाठी चहा सांगितला, तेव्हाच काम अवघड आहे हे मी ओळखलं. कचेरीत फुकटचा चहा मिळाला की समजावं, दुसरं काही मिळायचं नाही.

मी पाणीपुरवठ्याकडे होतो, पिराच्या टेकडीवरच्या पंपहाउसवर, आधी इस्माईलचाचांच्या हाताखाली. पंप चालवायचे आणि सकाळ, दुपार, संध्याकाळ गावचा भोंगा वाजवायचा, हे काम. बाविसाव्या वर्षी लागलो. चौदा वर्षांनी राजीनामा देऊन पुण्याकडे एका कारखान्यात गेलो. तिथं पगार दुप्पट होता आणि बायकोला टेकडीचा कंटाळा आला होता. तेरा वर्षांनी कारखाना बंद पडला. बायको त्याच्या आधीच आजारपणात गेली होती. मूलबाळ नव्हतं. इकडे भोंग्याला हवा भरणारा पंपहाउसचा जुना कॉम्प्रेसर कुणाला आवरत नव्हता, म्हणून नगरपालिकेनं खास ठराव करून मला परत घेतलं.

पण घेतलं ते नवा माणूस म्हणून. राजीनामा दिला की मागची नोकरी पुसून जाते, असा आमच्याकडे नियम. नंतरची माझी नऊ वर्षं होत होती आणि पेन्शनला निदान दहा लागत. निवृत्ती मेअखेर. आमच्या पिढीतली निम्मी माणसं एक जूनला जन्मलेली आहेत, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींना तीच तारीख सोयीची असे. एक वर्ष अलीकडची तारीख घातली असती तर माझं सगळं सुरळीत झालं असतं. पण गुरुजींना काय माहीत!

त्यातही एक वाट होती. सोडून गेलेल्या आणि परत आलेल्या माणसांचा मधला खंड माफ करायचा, असं नगरपालिकेनं ठरवलं होतं. मधली वर्षं धरायची नाहीत, पण आधीची आणि नंतरची एकाला एक जोडायची. अट एवढीच, की आधीची नोकरी झाली होती हे दाखवायचं. माझं जुनं सेवापुस्तक तळघरातल्या दप्तरात होतं, आणि महापुराचं पाणी सगळ्यात आधी तळघरात शिरलं होतं.

"एक तरी माणूस असेल हो," मोकाशी म्हणाले. "चौदा वर्षं म्हणजे काय थोडी झाली?"

मलाही तसंच वाटत होतं. मी निघालो माणूस शोधायला.

पहिला गेलो जालिंदर न्हाव्याकडे. त्याचं दुकान टेकडीच्या रस्त्याला, बापाच्या वेळेपासूनचं.

"भोंगा? व्हय की!" तो कुणाच्या तरी गालावर वस्तरा फिरवत म्हणाला. "इस्माईलचाचाचा भोंगा. त्याच्यावर आमचा बाप दुकान उघडायचा."

"चाचा खाटेवर बसलेले असायचे रे. त्यांचे गुडघे गेले होते. वाजवायचो मी."

"आसंल बाबा. पर आमी तर चाचाचंच नाव ऐकत आलोय. तुमी पुण्याकडचं न्हवं?"

मग जुने कॅशियर देशपांडे. ते नातवाला खेळवत बसले होते. माझ्याकडे बराच वेळ बघून म्हणाले, "पगार मी चाचाच्या हातात देत होतो. माझा आणि वरच्या पोराचा, असं म्हणून तो दोन पाकिटं न्यायचा खरा. पण तो पोरगा तूच होतास, हे मी कशावरून सांगू? मी काही टेकडी चढलो नाही कधी."

त्यांचंही खरं होतं. टेकडी कुणीच चढत नसे. सहीला मी महिन्यातून एकदा कचेरीत जायचो, तेव्हा जो कारकून होता तो मेला. चाचा मेले. माझ्याबरोबर पाइपलाइनवर काम केलेले दोघे कुठं गेले ते त्यांच्या भावकीलाही माहीत नव्हतं. दहा-बारा दारं झाली. सगळ्यांना भोंगा आठवत होता. भोंग्यावर कुणी दुकान उघडलं होतं, कुणी मुलांना शाळेला पिटाळलं होतं, एकाच्या लग्नात तर मुहूर्तच भोंग्यावर धरला होता. फक्त तो वाजवणारा माणूस कुणाला माहीत नव्हता.

टेकडीवर परत आलो, स्टोव्ह पेटवला, भात टाकला आणि तसाच बसून राहिलो. खरं सांगायचं तर पेन्शनची काळजी जरा बाजूलाच पडली. ज्या गावाला मी चौदा वर्षं कामाला लावलं, जेवायला बसवलं, त्या गावात मला ओळखणारं कुणी नव्हतं. बायको असती तर म्हणाली असती, मी सांगत होते ना, टेकडीवर राहू नका. तीही नव्हती. मी त्या वेळी इथं होतो की नव्हतो, अशी मलाच शंका यायला लागली. भात करपला तेव्हा उठलो.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी रंगा दूधवाला सायकलला किटली लावता लावता म्हणाला, "केसकरबाईंनी बोलावलंय तुमास्नी."

"कोण केसकरबाई?"

"कन्याशाळंच्या. रिटायर झाल्यात आता. त्ये न्हाई का खाली, टेकडी सपती तितलं घर, निळ्या दाराचं."

"मला कशाला बोलावलंय?"

"तुमी माणूस हुडकतायसा म्हनं. त्यास्नी कायतरी सांगायचंय."

निळ्या दाराचं घर मला वरून रोज दिसायचं. मागच्या बाजूला ओटा, ओट्यावर तुळस, दोरीवर वाळत घातलेली पातळं. पण घरातल्या माणसांचा आणि माझा काही संबंध नव्हता. धुवट सदरा घालून मी खाली गेलो. बाईंच्या भावजयीनं दार उघडलं, मला आपादमस्तक न्याहाळलं आणि मागच्या खोलीत नेलं. दार तिनं उघडंच ठेवलं.

केसकरबाई साठी ओलांडलेल्या, काटक, चष्मा लावणाऱ्या. लग्न केलेलं नव्हतं, हे गळ्याकडे बघून कळलं.

"बसा, सुतार," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं तुम्हाला ऐकतेय, बघतेय मात्र आज पहिल्यांदा."

मी खुर्चीच्या कडेला बसलो. "बाई, भोंगा मीच वाजवत होतो, हे तुम्हाला कसं ठाऊक?"

"चाचांचा भोंगा सरळ असायचा. एक लांब, की संपला. मी शाळेत लागले त्याच्या पुढच्या वर्षापासून लांब भोंग्याच्या मागून एक छोटा यायला लागला. अगदी एवढासा. हो ना?"

"हो."

"मग तुम्ही गेलात. तो छोटा बंद झाला. मोठाही हळूहळू घोगरा झाला, घसा बसलेल्या माणसासारखा. मधली सगळी वर्षं तसाच. आणि नऊ वर्षांपूर्वी, आषाढात, मी इथंच तांदूळ निवडायला बसले होते आणि तो पुन्हा ऐकू आला. मी हिला म्हटलं, आले ते परत. हिनं विचारलं, कोण? मला काही नाव सांगता येईना."

कारखाना बंद पडल्यावर एक ट्रंक घेऊन मी टेकडी चढलो होतो, तेव्हा कुत्रंसुद्धा भुंकलं नव्हतं. आणि इकडे खाली एक बाई हातातलं सूप बाजूला ठेवून म्हणाली होती, आले ते परत. हे मला नऊ वर्षं माहीतच नव्हतं. मी पंचा काढून तोंड पुसलं आणि घाम आलाय असं दाखवलं.

भावजयीनं चहा आणून ठेवला. ती जरा रेंगाळली. बाईंनी तिच्याकडे बघितलं तेव्हा गेली.

"कागद आणलाय का?" बाईंनी विचारलं.

मी खिशातून जबाबाचा कागद काढला. मोकाशींनी मजकूर लिहूनच दिला होता, खाली सही तेवढी हवी होती. बाईंनी तो दोनदा वाचला. पेनाचं टोपण काढलं. पण सही केली नाही.

"एक विचारायचं होतं. राग मानू नका."

"विचारा की."

"उन्हाळ्याच्या सुट्टीत ती छोटी फुंक नसायची. आधी मला कळलं नव्हतं, कारण सुट्टीत मी मामाकडे जायची. एका वर्षी गेले नाही, तेव्हा लक्षात आलं. मेमध्ये नुसता लांब भोंगा. शाळा उघडली, पाचसहा दिवस गेले, की पुन्हा दोन्ही." त्यांनी चष्मा काढला. "शाळेला निघताना मी मागच्या दारानं निघायची. टेकडीवरून आमचा ओटा दिसतो, हे मला माहीत होतं. म्हणून विचारते. ती फुंक कुणासाठी होती?"

मला समजायला जरा वेळच लागला. समजलं तेव्हा मी चहाच्या बशीकडे बघायला लागलो. बाईंचा आवाज साधा होता, भाजीचा भाव विचारावा तसा. पण पेन धरलेला हात टेबलावर अगदी स्थिर ठेवला होता, मुद्दाम ठेवल्यासारखा.

तुमच्यासाठी, एवढंच म्हणायचं होतं मला. सही झाली असती. बाईही सुखावल्या असत्या. माझ्या तोंडावर तो शब्द आलाही होता. पण ज्या एका माणसानं मला इतकं लक्ष देऊन ऐकलं होतं, त्याच माणसाला फसवायचं, हे काही मला जमेना.

"बाई, ती पाणी काढायला होती."

"पाणी?"

"हवेत ओल असली की भोंग्याच्या पाइपात पाणी जमतं. ते राहिलं की भोंगा गंजतो, घोगरा होतो. चाचा गुडघे धड होते तोवर दर खेपेला शिडी चढून तोटी उघडायचे. मला त्याचा कंटाळा. एक फुंक जास्तीची मारली की पाणी वरून उडून जातं, शिडी चढायला नको. उन्हाळ्यात हवा कोरडी, पाइपात थेंब नसतो. मग उगाच कशाला हवा घालवायची?"

बाहेर भावजय भांडी घासत होती, तिचा हात थांबला.

"म्हणजे आळस," शेवटी बाई म्हणाल्या.

"हो. आळसच."

त्यांना हसू आलं. खरंच आलं, पण फार वेळ टिकलं नाही. "बरं झालं विचारलं. नाहीतर तसंच राहिलं असतं," असं म्हणून त्यांनी कागद पुढे ओढला आणि सुरेख अक्षरात सही केली. सुमित्रा केसकर. सहीखाली तारीख घातली, पेनाला टोपण लावलं. मी उठलो तेव्हा म्हणाल्या, "मला एक स्थळ आलं होतं सोलापूरचं. चांगलं होतं." एवढंच म्हणाल्या आणि बशी उचलून आत गेल्या.

जबाब खिशात घालून मी टेकडी चढलो. कागद मिळाला म्हणून आनंद व्हायला हवा होता.

कागदानं काम झालं नाही. मुख्याधिकारी तावडेसाहेब नवे होते, परगावचे, कायद्याला धरून चालणारे. त्यांनी बाईंनाच बोलावलं. आठवड्याभरानं आम्ही त्यांच्या खोलीत उभे होतो. मोकाशी जबाब लिहून घ्यायला बसले होते. दोन नगरसेवक आधीच येऊन चहा पीत होते, आणि महादू शिपाई दाराशी होता.

"बाई, तुम्ही सुतारांना त्या काळात कामावर बघितलंय?" साहेबांनी विचारलं.

"बघितलं नाही. ऐकलंय."

"ऐकलंय म्हणजे?"

बाईंनी सगळं सांगितलं. लांब भोंगा, छोटी फुंक, मधली घोगरी वर्षं. वर्गात सांगावं तसं सांगितलं. साहेबांनी मान हलवली, पण पटल्यासारखी नाही.

"तुमच्याबद्दल आदर आहे मला. पण उद्या तपासणीत मला विचारतील, की भोंग्याचा दांडा ओढणारा माणूस हाच होता कशावरून? तो कुणीही ओढला असेल. फुंकसुद्धा कुणीही मारली असेल. मी यावर सही केली तर मला त्याचं उत्तर द्यावं लागेल."

मोकाशींनी माझ्याकडे बघितलं आणि नजर खाली घातली. मला कळलं, संपलं. टेकडीवरची खोली मेअखेर सोडायची होती. पुढं कुठं जायचं, काय खायचं, याचा मी इतके दिवस विचार टाळला होता. तो सगळा त्या खोलीत माझ्या अंगावर आला. मी बाईंना म्हणालो, "चला बाई, तुम्हाला उगाच त्रास झाला."

बाई उठल्या नाहीत. त्यांनी पदर खांद्यावर नीट घेतला.

"साहेब, भोंगा हेच वाजवत होते. मला माहीत आहे, कारण ते माझ्यासाठी वाजवायचे."

एका नगरसेवकाचा कप बशीवर आपटला.

"बाई," मी म्हणालो.

"तुम्ही गप्प बसा," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "हे सांगणार नाहीत, साहेब. माझ्या नावाला जपून आजपर्यंत गप्प राहिलेत. पण मी साठी ओलांडली. आता मला कोण काय म्हणणार? घ्या मोकाशी, लिहून घ्या. शाळेच्या दिवसांत छोटी फुंक यायची. मेच्या सुट्टीत मी नसायची, तेव्हा यायची नाही. हे गेले आणि ती बंद झाली. हे आले आणि ती परत आली. आणखी काय हवं?"

साहेबांचे कान लाल झाले होते. तेवढ्यात दाराशी महादू खाकरला.

"खरं हाय, सायेब. मे म्हयन्यात नुसता एकच वाजायचा. आमी पोरं शेवटाची बारकी फुंक तोंडानं मारायचो. सुट्टीत मारायचो न्हाई."

"अरे हो, खरंच की," एक नगरसेवक म्हणाला आणि आपण बोललो याचं त्याला स्वतःलाच नवल वाटलं. "मलाही आठवतंय."

सगळ्या गावानं ती फुंक ऐकली होती. ती कुणाची, हे मात्र सांगायला बाईंना पुढे यावं लागलं. साहेबांनी थोडा वेळ कागदाकडे बघितलं. मग म्हणाले, "मोकाशी, जबाब पुरेसा आहे. खंड माफीचा आदेश तयार करा. मागची चौदा वर्षं जोडा." आणि बाईंना दारापर्यंत पोचवायला स्वतः उठले.

बाहेर पायऱ्यांवर ऊन भाजत होतं. बाईंनी छत्री उघडली. मी एक पायरी खाली उभा होतो.

"तुम्हाला मी खरं काय ते सांगितलं होतं," मी म्हणालो.

"सांगितलं होतं."

"मग का बोललात असं? उद्या गाव काय म्हणेल?"

"तुम्ही पाणी काढायला वाजवत होता, ते तुमचं. मी काय ऐकत होते, ते माझं. मी माझं सांगितलं." त्या जरा थांबल्या. "खरं म्हणजे बरं वाटलं. एकदा तरी कुणापुढे बोलून बघायचं होतं."

मला खूप काही बोलायचं होतं. पंधरा दिवसांपूर्वी ज्यांचं नावही मला माहीत नव्हतं, त्या बाईंशी बोलत तिथंच उभं राहावं असं वाटत होतं. धीर करून म्हणालो, "निवृत्त झालो की मी खाली गावातच खोली बघणार आहे. अधूनमधून येत जाईन. तुमच्या हातचा चहा घ्यायला."

"नका येऊ, सुतार."

"का?"

"आता नाही येता यायचं." त्यांनी छत्री थोडी तिरकी केली, तोंड दिसेनासं झालं. "गेल्या आठवड्यात येऊ शकला असतात. जुना माणूस, चार गोष्टी बोलायला आला, असं झालं असतं. आज मी जे बोललेय, त्यानंतर तुम्ही दारात दिसलात तर माझ्या भावाला त्याच्या मुलीचं लग्न जमवणं जड जाईल. मला म्हातारीला कुणी काही म्हणणार नाही, पण त्यांना म्हणतील. मी राहते त्यांच्याकडे."

"मग तुम्ही तिथं का..."

"तुमची पेन्शन जात होती," त्या म्हणाल्या आणि पायऱ्या उतरून गेल्या.

आदेश आला. एकतीस मेला मला शाल-नारळ मिळाला, मोकाशी चार शब्द बोलले, पेढे झाले. सगळं आटोपून मी संध्याकाळचा भोंगा द्यायला टेकडीवर आलो. माझ्या जागी येणारा मुलगा दुसऱ्या दिवशी येणार होता.

ऊन उतरलं होतं. खाली निळ्या दाराच्या मागचा ओटा रिकामा होता, दोरीवरची पातळं आत नेलेली होती. टाकीत हवा भरली. वेळ झाली तसा दांडा ओढला. लांब भोंगा गावावरून, नदीवरून पार पलीकडच्या उसापर्यंत गेला. मी दांडा सोडला. हात दांड्यावरच राहिला.

मे महिना होता. पाइप आतून खडखडीत कोरडा होता, सकाळीच मी बघितलं होतं.

मी दांडा पुन्हा ओढला. एवढासाच.

मग बराच वेळ खाली बघत उभा राहिलो. ओट्यावर कुणी आलं नाही. अंधार पडायला लागला तसा मी दार लावून घेतलं.

या गोष्टीला आता बारा वर्षं झाली. तो भोंगाही नगरपालिकेनं भंगारात काढला. गावातल्या माझ्या खोलीवर पेन्शन वेळेवर येते. निळ्या दाराच्या घरावरून मी जात नाही, पलीकडच्या रस्त्यानं बाजार गाठतो. बाई गेल्याचं मला जालिंदरच्या दुकानात कळलं, दाढी अर्धी झालेली असताना.

पण त्या एक जूनला सकाळी मी टेकडीवर ट्रंक आवळत होतो, तेव्हा रंगा किटली घेऊन आला. दूध ओतून झालं तरी तो हलेना.

"केसकरबाईंनी सांगावा दिलाय."

"काय?"

"ऐकलं म्हनून सांग, म्हणाल्या."

"आणखी काही?"

"न्हाई," रंगा म्हणाला. "येवढंच."